जुन्या कॉम्प्युटरवर हलकं लिनक्स टाकलं आणि स्क्रीन नीट दिसत नाही : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मशीनवर लुबुंटू, एमएक्स, अँटीएक्स, पपी असलं काही टाकलं की साउंड चालतो, नेट चालतं, ब्राउझर उघडतो आणि गाडी अडते ती नेमकी स्क्रीनवर. अक्षरं ताणलेली, खिडक्या अर्ध्या बाहेर, सेटिंगमध्ये दोनच पर्याय. बरेच जण इथे कंटाळून मशीन भंगारात काढायचं ठरवतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा मशीनला काही झालेलं नसतं, फक्त एक माहिती एका जागेहून दुसरीकडे पोचत नसते.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी अक्षरात टाका आणि मध्ये स्पेस दाखवलीय तिथे स्पेस द्या. सगळ्यात जास्त लागणारी कमांड एक्सरँडर (स्क्रीनचं रिझोल्यूशन बघायची आणि बदलायची), तिचं स्पेलिंग एक्स-आर-ए-एन-डी-आर, सगळी लहान अक्षरं.

रिझोल्यूशन १०२४×७६८ वर अडकलंय, त्याच्या वरचं काही येतच नाही. काय झालं असेल?

दोन शक्यता धरून चला. एक तर ग्राफिक्स कार्डाचा खरा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) सुरूच झालेला नाही आणि सिस्टिम कुठल्यातरी कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललीय. नाहीतर ड्रायव्हर ठणठणीत आहे पण समोर कुठला मॉनिटर लावलाय आणि त्याला काय झेपतं हे कॉम्प्युटरला कळत नाहीये. दोन्हीत स्क्रीनवर दिसतं ते सारखंच, उपाय मात्र पूर्ण वेगळे, म्हणून नेटवर सापडलेला पहिला उपाय टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवायच्या आधी आपली केस कुठली ते बघा. एवढं जरी केलं तरी निम्मा वेळ वाचतो.

मॉनिटरच्या आत एका छोट्या चिपमध्ये त्याचं ओळखपत्र असतं, त्याला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा नावाच्या संस्थेने १९९४ साली हे ठरवलं. मूळ माहिती फक्त १२८ बाइटची, पण त्यात कंपनी, मॉडेल, चालणारे मोड (म्हणजे रिझोल्यूशन आणि सेकंदाला किती वेळा स्क्रीन रंगवायची ते) आणि सगळ्यात आवडता मोड असं सगळं असतं. हे ओळखपत्र मिळालं नाही की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, धोका पत्करत नाही, १०२४×७६८ पर्यंतचेच मोड देतो आणि थांबतो. तुम्हाला नेमका हाच आकडा दिसत असेल तर तो योगायोग नाही.

मग आपली केस कुठली हे ओळखायचं कसं?

टर्मिनल उघडा, नुसतं एक्सरँडर टाइप करा, एंटर मारा, पुढे काही लावू नका.

जे आउटपुट येईल त्यात "कनेक्टेड" असं लिहिलेली ओळ शोधा आणि तिच्या सुरुवातीचं नाव बघा. तिथे व्हीजीए-१, एलव्हीडीएस-१, एचडीएमआय-१, डीव्हीआय-१ असं काही असेल तर खरा ड्रायव्हर चालू आहे, तुमची भानगड मॉनिटरच्या बाजूची. पण तिथे नुसतं "डिफॉल्ट" असेल, किंवा वरती "फेल्ड टू गेट साइझ ऑफ गॅमा फॉर आउटपुट डिफॉल्ट" अशी तक्रार असेल, तर खरा ड्रायव्हर चालूच नाहीये. ह्या अवस्थेत कितीही मोड वाढवायला गेलात तरी हाती काही लागणार नाही.

त्याच आउटपुटमध्ये आकड्यांच्या शेजारी चांदणी असते तो आत्ता चालू असलेला मोड, आणि अधिकचं चिन्ह असतं तो मॉनिटरने स्वतः सांगितलेला आवडता मोड. अधिकचं चिन्ह कुठेच नाही आणि कनेक्टेडच्या ओळीच्या शेवटी मिलिमीटरमधलं माप शून्य बाय शून्य आहे, म्हणजे ओळखपत्र पोचलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

नाव लिहून घेताना जशाच्या तसं घ्या बरं का. एका ड्रायव्हरमध्ये ते व्हीजीए-१ असतं, इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये मधली डॅश नसते, नुसतं व्हीजीए१, आणि जुन्या एटीआय कार्डांवर व्हीजीए-० पण दिसतं. कमांड चालत नाही म्हणून डोकं धरून बसलेल्या बऱ्याच लोकांचं नुसतं हे नाव चुकलेलं असतं.

माझ्याकडे "डिफॉल्ट" दिसतंय. आता?

सगळ्यात आधी नोमोडसेट शोधा. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली म्हणून सेफ ग्राफिक्सवाला पर्याय निवडला असेल तर त्याने बूटच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द घातलेला असतो आणि बऱ्याचदा इन्स्टॉल झाल्यावरही तो तिथेच राहतो. ह्या शब्दाचा अर्थ कर्नलने स्क्रीनच्या मोडला हात लावू नये असा आहे, आणि २००९ पासून लिनक्समध्ये मोड ठरवायचं काम हळूहळू कर्नलकडेच गेलंय, त्यामुळे त्याचे हात बांधले की इंटेल, रेडिऑन, नूव्हो हे सगळे ड्रायव्हर गप्प बसतात. उरतो व्हेसा (संस्थेचंच नाव असलेला) नाहीतर फ्रेमबफरवाला कामचलाऊ ड्रायव्हर, आणि तो कार्डाच्या बायोसमध्ये जे मोड लिहिलेत तेवढेच देतो. जुन्या बायोसमधले मोड बहुतेक चौकोनी स्क्रीनचे, म्हणजे ८००×६००, १०२४×७६८, १२८०×१०२४ असे. तुमचा रुंद मॉनिटर त्या यादीत नसणारच.

बघायला सोपं आहे, कॅट कमांडने प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन नावाची फाइल वाचा. त्यात नोमोडसेट दिसला की ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ग्रब नावाची (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल असते ती सुडो (अॅडमिनचा अधिकार देणारा शब्द) लावून एडिटरमध्ये उघडा, लिनक्स डिफॉल्टवाल्या ओळीतून तेवढा एक शब्द काढा, बाकी काही हलवू नका, सेव्ह करा, मग सुडो अपडेट-ग्रब आणि रीस्टार्ट. शब्द त्या ओळीत नसेल तर खालच्या नुसत्या लिनक्सवाल्या ओळीतही बघा, कधीकधी तिथे बसलेला असतो.

नोमोडसेट काढलं तर स्क्रीन काळी पडते, म्हणून तर टाकलं होतं ना!

बरोबर आहे, पण तो तात्पुरता उपाय आहे. कायमचं काढायच्या आधी एकदाच काढून बघता येतं: बूट होताना ग्रबचा मेनू आला की ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतून नोमोडसेट खोडा आणि एफ१० दाबा. हे फक्त त्या एका बूटपुरतं असतं, पुढच्या वेळी सगळं पहिल्यासारखं, त्यामुळे बिनधास्त करून बघा.

काळ्या स्क्रीनची कारणं बहुतेक ठरलेली आहेत. एटीआय किंवा एएमडीचं कार्ड असेल तर फर्मवेअर (कार्डाच्या आत भरायचा छोटा प्रोग्रॅम) नसणं हे पहिलं. एचडी २००० मालिकेपासून पुढच्या रेडिऑन कार्डांना फर्मवेअरची फाइल लागतेच, ती नसेल तर ड्रायव्हर सुरुवातीलाच हात टेकतो. डेबियनमध्ये ते फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स नावाच्या पॅकेजात मिळतं आणि १२ नंबरच्या आवृत्तीपासून त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा विभाग आहे, इन्स्टॉलर ते स्वतःहून घेतो, पण त्याआधीची सिस्टिम असेल तर हाताने टाकावं लागतं. दुसरं कारण म्हणजे चित्र भलत्याच आउटपुटवर जाणं, त्याबद्दल खाली भुताटकी स्क्रीनच्या प्रश्नात आहे. तिसरं जुन्या एनव्हिडियाचं, तिथे एखाद्या कर्नलवर नूव्हो अडखळतो आणि दुसऱ्यावर नीट चालतो, त्यामुळे ग्रबच्या अॅडव्हान्स्ड मेनूमधून जुना कर्नल निवडून बघायला विसरू नका.

कुठला ड्रायव्हर चालू आहे ते कसं बघू? आणि माझ्या कार्डाला आशा आहे का?

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय, स्पेस, डॅश के. त्यात व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर अशी ओळ शोधा, तिच्या खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" लिहिलेलं असतं. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. आयएनएक्सआय नावाचा प्रोग्रॅम असेल तर त्याला डॅश मोठं जी लावून हेच जास्त वाचनीय दिसतं.

आता आशेबद्दल. इंटेलचं ९१५, ९४५, ९६५, जी३१, जी४१ असलं काही असेल तर निश्चिंत राहा, आय९१५ नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि वेगळं काही टाकायचं नसतं. इंटेल तर इंटेल, पण त्यात एक फसवा गट आहे. जीएमए ५०० आणि अॅटमच्या शेवटच्या नेटबुकमधला जीएमए ३६००, ह्यांच्या आतलं डिझाइन इंटेलचं नाही, पॉवरव्हीआरचं आहे. त्यांना जीएमए५०० नावाचा वेगळा ड्रायव्हर आहे, तो पूर्ण रिझोल्यूशन देतो पण थ्रीडी देत नाही, म्हणून डेस्कटॉपचे इफेक्ट बंद ठेवून वापरा.

एटीआयची जुनी कार्डं रेडिऑन ड्रायव्हरवर छान चालतात, माझ्या मते जुन्या मशीनसाठी सगळ्यात समाधानकारक तीच. एनव्हिडियाचं जीफोर्स ६, ७, ८, ९ असेल तर कंपनीचे ३०४ आणि ३४० नंबरचे ड्रायव्हर शोधायच्या मागे लागू नका, त्यांचा सपोर्ट कधीच बंद झालाय, नव्या कर्नलवर ते बसवताना सिस्टिम बिघडते, नूव्होच वापरा. व्हियाच्या चिपसेटला ओपनक्रोम आहे, चाललं तर चाललं. आणि सिसचा ६७१ किंवा ७७१ मिराजवाला चिपसेट असेल तर त्याला कर्नलमध्ये धड ड्रायव्हर नाही, तिथे व्हेसावर जे मिळेल त्यावर समाधान मानायचं, नाहीतर स्लॉट रिकामा असेल तर एखादं जुनं रेडिऑन कार्ड बसवायचं.

ड्रायव्हर बरोबर आहे, नाव व्हीजीए-१ दिसतंय, तरी १०२४×७६८ च. का?

ओळखपत्र पोचत नाहीये. आणि इथे सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी केबल बघा, प्लीज.

व्हीजीएच्या प्लगमध्ये १५ पिनांची जागा असते. त्यातल्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून ईडीआयडी येतं, रंगांच्या तीन पिना वेगळ्या. म्हणजे ह्या दोनपैकी एक जरी वाकली, तुटली किंवा केबलमध्ये जोडलेलीच नसली तरी चित्र एकदम स्वच्छ येतं, रंग बरोबर येतात आणि तरीही कॉम्प्युटरला मॉनिटर कळत नाही. म्हणून केबल चांगली आहे हे चित्रावरून ठरवता येत नाही. प्लग काढून उजेडात धरा, एखादी पिन आडवी पडलीय का बघा. ९ नंबरची पिन मात्र काही केबलमध्ये मुद्दामच नसते, तिच्यामुळे घाबरू नका. दुसरी केबल लावून परत एक्सरँडर चालवा, अधिकचं चिन्ह उगवलं तर विषय संपला.

मध्ये केव्हीएम स्विच (एका मॉनिटरला दोन कॉम्प्युटर जोडायचा डबा), स्प्लिटर, एक्स्टेन्शन किंवा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर असेल तर तो काढून मॉनिटर थेट जोडून बघा, हे डबे ईडीआयडी अडवतात नाहीतर स्वतःचंच भलतं ईडीआयडी पुढे करतात. मॉनिटर आधी चालू करून मग कॉम्प्युटर चालू करून बघण्यातही अर्थ आहे.

केबल बदलून पण उपयोग नाही. मोड हाताने कसा घालायचा?

तीन पायऱ्या आहेत. १७ किंवा १९ इंची चौकोनी एलसीडी धरू, त्याचं खरं रिझोल्यूशन १२८०×१०२४.

पहिली : एक्सरँडर --न्यूमोड नवा १०८.०० १२८० १३२८ १४४० १६८८ १०२४ १०२५ १०२८ १०६६ +एचसिंक +व्हीसिंक

दुसरी : एक्सरँडर --अॅडमोड व्हीजीए-१ नवा

तिसरी : एक्सरँडर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड नवा

"नवा" हे मी दिलेलं नाव आहे, तुम्ही काहीही द्या, आकडे आणि चिन्हं मात्र इंग्रजीत आणि तिन्ही ठिकाणी नाव तेच.

आकडे नुसते कॉपी करू नका, काय आहेत ते समजून घ्या म्हणजे चुकलं तर कळेल. १०८ हा पिक्सेल क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये. एका ओळीत दिसणारे पिक्सेल १२८० पण मधली रिकामी जागा धरून १६८८, तसंच उभ्यात दिसणाऱ्या ओळी १०२४ आणि एकूण १०६६. आता १६८८ गुणिले १०६६ गुणिले ६० करून बघा, साधारण १० कोटी ८० लाख येतात, म्हणजेच १०८ मेगाहर्ट्झ. गणित जुळतंय ना, म्हणजे हा मोड सेकंदाला ६० वेळा स्क्रीन रंगवणार.

दुसऱ्या रिझोल्यूशनचे आकडे सीव्हीटी कमांड काढून देते, तिच्यापुढे रुंदी, उंची आणि ६० लिहायचं. पण एक सांगतो, १२८०×१०२४ ला सीव्हीटी १०९ मेगाहर्ट्झचे थोडे वेगळे आकडे देते, तर वर दिलेले आकडे व्हेसाच्या ठरलेल्या यादीतले आहेत आणि एलसीडी मॉनिटर तेच ओळखतात. सीव्हीटीच्या आकड्यांनी चित्र एका बाजूला सरकलं तर मॉनिटरवरचं ऑटो बटण दाबा, बहुतेक वेळा जागेवर येतं.

१९२०×१०८० साठी सीव्हीटीला डॅश आर जोडा. साध्या हिशोबात पिक्सेल क्लॉक १७३ येतो आणि सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ आहे, म्हणजे तो मोड जाणारच नाही. डॅश आर लावलं की रिकामी जागा कमी धरली जाते आणि क्लॉक १३८.५० वर उतरतो.

१३६६×७६८ मागितलं तर सीव्हीटी १३६८ देते. आता?

रुंदीला ८ ने भाग जावा असा त्या हिशोबाचा नियम आहे आणि १३६६ ला जात नाही. व्हेसाच्या यादीतले आकडे वापरा : ८५.५० १३६६ १४३६ १५७९ १७९२ ७६८ ७७१ ७७४ ७९८ आणि दोन्ही सिंक अधिकचे. तरी मॉनिटर ऐकत नसेल तर १३६०×७६८ घ्या, तीन तीन पिक्सेलच्या काळ्या कडा कोणाच्या लक्षातही येणार नाहीत.

सगळं जमलं पण रीस्टार्ट केल्यावर परत पहिल्यासारखं होतं.

होणारच, एक्सरँडरने केलेलं काहीच कायमचं नसतं. आणि ही चांगली गोष्ट आहे कारण काही बिघडलं तर रीस्टार्ट हा उपाय आपोआप मिळतो.

कायमचं करायचं तर सोपा रस्ता म्हणजे त्या तीन ओळी होम फोल्डरमध्ये डॉट एक्सप्रोफाइल नावाच्या फाइलमध्ये टाकायच्या, लाइटडीएम (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम) असलेल्या बहुतेक सिस्टिमवर लॉगिन करताना ती वाचली जाते. एक्सएफसीई डेस्कटॉप असेल तर सेशन अँड स्टार्टअपमध्येही घालता येतात. मोड आधीपासून यादीत असेल आणि नुसता लक्षात ठेवायचा असेल तर एलएक्सडीईमधला एलएक्सरँडर किंवा एलएक्सक्यूटीचा मॉनिटर सेटिंगवाला प्रोग्रॅम उघडून सेव्ह दाबलं की पुरतं.

मला स्वतःला कर्नलच्या ओळीवाला उपाय जास्त आवडतो. ग्रबच्या त्याच फाइलमध्ये, नोमोडसेट जिथून काढला तिथे, व्हिडिओ=व्हीजीए-१:१२८०एक्स१०२४@६० असं जोडायचं (एक्स हे अक्षर, गुणाकाराचं चिन्ह नाही) आणि अपडेट-ग्रब. ह्याने बूटचा टेक्स्ट, लॉगिनची स्क्रीन आणि डेस्कटॉप तिन्ही एकदम सुधारतात, वेगळी स्क्रिप्ट लागत नाही. फक्त इथे आउटपुटचं नाव कर्नलवालं लागतं, ते सिस फोल्डरमधल्या क्लास, त्यातल्या डीआरएम फोल्डरमध्ये दिसतं, कार्ड० च्या पुढे लिहिलेलं असतं. कार्ड१ असेल तर त्याच्या पुढचं.

डेस्कटॉप बरोबर, पण लॉगिन स्क्रीन अजून मोठीच दिसते.

एक्सप्रोफाइल लॉगिननंतर चालतं म्हणून. वरचा कर्नलवाला उपाय करा, नाहीतर लाइटडीएमच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले-सेटअप-स्क्रिप्ट म्हणून तीन ओळींची स्क्रिप्ट द्या.

एकच मॉनिटर लावलाय पण सिस्टिमला दोन दिसतात!

ही ती भुताटकी स्क्रीन. काही छोट्या डेस्कटॉप बोर्डांवर, विशेषतः अॅटमवाल्या, लॅपटॉपच्या स्क्रीनसाठीची एलव्हीडीएस जोडणी आतमध्ये असते, तिला काही लावलेलं नसतं तरी बायोस सांगतो की लावलंय. जुन्या इंटेलवर टीव्ही आउटचंही असंच होतं. मग सिस्टिम दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र दाखवायचं ठरवते आणि दोघांना झेपेल असं रिझोल्यूशन घेते, म्हणजे परत १०२४×७६८ किंवा त्याहून खाली. कधी मेनूपट्टी त्या नसलेल्या स्क्रीनवर जाते आणि आपल्याला नुसता वॉलपेपर दिसत राहतो, कधी आख्खी स्क्रीन काळी.

आधी एक्सरँडर --आउटपुट एलव्हीडीएस-१ --ऑफ करून बघा. उपयोग झाला तर कायमचं घालवायला ग्रबच्या ओळीत व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी घाला, टीव्हीसाठी व्हिडिओ=एसव्हिडिओ-१:डी, दोन्हीकडे शेवटचं डी हे इंग्रजी लहान अक्षर. हा उपाय लागू पडला की इतका एका फटक्यात पडतो की आधीची सगळी झटापट विसरायला होतं.

नेटबुकवर खिडकीचं ओके बटण स्क्रीनच्या खाली जातं.

स्क्रीनच १०२४×६०० ची आहे, तिचं रिझोल्यूशन बरोबर आहे, प्रोग्रॅम मोठ्या स्क्रीनसाठी बनवलेत. आल्ट दाबून खिडकी कुठेही धरून वर ओढा, बटण दिसेल. हे सारखंच लागत असेल तर एक्सरँडर --आउटपुट एलव्हीडीएस-१ --पॅनिंग १०२४एक्स७६८ द्या, डेस्कटॉप उंच होतो आणि माउस खाली नेला की स्क्रीन खाली सरकते. --स्केल पण आहे पण त्याने अक्षरं पुसट होतात, रोजच्या वापराला मी सुचवणार नाही.

अक्षरं फार बारीक आहेत म्हणून रिझोल्यूशन कमी करू का?

नका करू. एलसीडीचे पिक्सेल ठरलेले असतात, त्याच्यापेक्षा कमी रिझोल्यूशन दिलं की एक पिक्सेल दीड पिक्सेलवर पसरवावा लागतो आणि सगळं धुरकट दिसतं. घरातल्या वयस्कर माणसासाठी मशीन तयार करत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण डोळ्यांना त्रास होतो तो ह्या धुरकटपणाचा. रिझोल्यूशन मॉनिटरच्या खऱ्या आकड्यावर ठेवा आणि फॉन्टचा डीपीआय (अक्षरांच्या आकाराचं माप) ९६ वरून ११० किंवा १२० करा. एक्सएफसीईमध्ये अपिअरन्समध्ये फॉन्टच्या टॅबवर आहे. ब्राउझरचं झूम वेगळं वाढवा.

जुना सीआरटी (काचेच्या नळीचा, जाड) मॉनिटर आहे, डोळ्यापुढे लुकलुकतो.

६० हर्ट्झवर चालतोय. सीआरटीला ७५ किंवा ८५ द्या, एक्सरँडरमध्ये --रेट लावून. पण मॉनिटरच्या मागे किंवा मॅन्युअलमध्ये आडवी फ्रिक्वेन्सी बघा. १०२४×७६८ ला ६० हर्ट्झवर ४८.४ किलोहर्ट्झ लागतात, ७५ ला ६०, ८५ ला ६८.७. मॉनिटर ५४ पर्यंतचाच असेल तर ७५ मिळणार नाही, मग ८००×६०० वर ८५ हर्ट्झ करा, डोळ्यांना तेच बरं. फार जुन्या सीआरटीला झेपत नसलेली फ्रिक्वेन्सी दिली तर तो खराब होऊ शकतो, म्हणून इथे अंदाजाने आकडे टाकू नका.

मोड बदलला आणि मॉनिटरवर "आउट ऑफ रेंज" आलं, काहीच दिसत नाही.

घाबरू नका आणि पॉवर बटण दाबून ठेवू नका. सेटिंगमधून बदललं असेल तर थोडं थांबा, एक्सएफसीईसारखे डेस्कटॉप होकार मिळाला नाही तर जुन्या मोडवर आपोआप परत जातात. नाही गेलं तर कंट्रोल, आल्ट आणि एफ२ एकदम दाबा, टेक्स्टची काळी स्क्रीन येईल, ती दिसते कारण तिचा मोड वेगळा असतो. तिथे लॉगिन करून सुडो रीबूट.

रीस्टार्टनंतरही तेच झालं तर सेव्ह झालेली फाइल उडवायला लागते. एक्सएफसीईमध्ये होममधल्या डॉट कॉन्फिग फोल्डरच्या आत डिस्प्लेज डॉट एक्सएमएल असते, ती. एक्सप्रोफाइलमध्ये ओळी घातल्या असतील तर त्या, आणि कधी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ (स्क्रीनची हाताने लिहिलेली सेटिंग फाइल) बनवली असेल तर तिचं नाव बदला.

नेटवर मिळालेली एक्सऑर्ग डॉट कॉन्फ टाकू का?

दुसऱ्याच्या मशीनची आख्खी फाइल टाकू नका. त्यात त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर, त्याच्या मॉनिटरची फ्रिक्वेन्सी असते, आणि आता ही फाइल नसली तरी सगळं स्वतःहून ओळखलं जातं, उलट ती असली की ओळखणं बंद पडतं. मोडची ओळ कायमची घालायचीच असेल तर एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये फक्त मॉनिटरचा विभाग असलेली छोटी फाइल ठेवा.

पपी लिनक्सवर काय वेगळं आहे?

तिथे एक्सऑर्गविझर्ड नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम आहे, डेस्कटॉपमधून बाहेर येऊन टेक्स्टवर चालवायचा, ड्रायव्हर आणि मोड विचारतो. आणि बंद करताना सेव्ह फाइल बनवायला विसरलात तर केलेलं सगळं जातं, हे पपीत नवीन येणाऱ्याला हमखास होतं.

टीव्हीला लावलं तर कडा कापल्या जातात.

रिझोल्यूशनचा दोष नाही, टीव्ही चित्र मुद्दाम थोडं मोठं करतो. टीव्हीच्याच मेनूत जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल असं काहीतरी असतं ते लावा. टीव्हीत नाहीच मिळालं आणि कार्ड रेडिऑनचं असेल तर एक्सरँडर --आउटपुट एचडीएमआय-० --सेट अंडरस्कॅन ऑन.

व्हिडिओ मेमरी कमी आहे म्हणून होत असेल का?

फार जुन्या कार्डावर होऊ शकतं. हिशोब सोपा, रुंदी गुणिले उंची गुणिले ४ बाइट. १०२४×७६८ ला ३ एमबी, १२८०×१०२४ ला ५ एमबी. ४ एमबीच्या कार्डावर दुसरं बसणार नाही, रंग १६ बिट केले तर अडीच एमबीत बसेल. बायोसमध्ये शेअर्ड मेमरी १ एमबी ठेवलेली असेल तर ८ किंवा जास्त करा. ह्याच्या पुढच्या मशीनवर मेमरीला दोष देऊ नका.

एक्सरँडर चालवलं तर काही बदलतच नाही, एरर पण नाही.

वेलँडवर (स्क्रीन दाखवायची एक्स११ नंतरची नवी पद्धत) आहात का बघा, एको कमांडने एक्सडीजी_सेशन_टाइप ह्या व्हेरिएबलची किंमत छापा, नावाआधी डॉलरचं चिन्ह आणि सगळी मोठी अक्षरं. वेलँड आलं तर एक्सरँडरचा उपयोग नाही, लॅबडब्ल्यूसीसारख्या हलक्या कंपोझिटरवर (वेलँडमध्ये खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) डब्ल्यूएलआर-रँडर लागतं. किंवा लॉगिन करताना एक्स११ वालं सेशन निवडा, जुन्या मशीनवर मी तेच सुचवीन.

दुसरा डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) टाकला तर सुटेल का?

डिस्ट्रो बदलून फरक पडतो तो बहुतेक कर्नल बदलल्यामुळे आणि फर्मवेअर आधीच आत असल्यामुळे. म्हणून आख्खं इन्स्टॉल करू नका, पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून नुसतं एक्सरँडर बघा, पाच मिनिटांत कळतं. ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर पर्याय कमी होत चाललेत, लुबुंटूची १८.०४ नंतर ३२ बिटची लाँग टर्म आवृत्ती आली नाही आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. अँटीएक्स अजून आधार देतंय.

सगळं केलं, तरी जमत नाही. मदत मागताना काय काय द्यायचं?

नुसतं "स्क्रीन खराब दिसतेय" लिहिलं तर समोरचा अंदाजच बांधत बसतो. एक्सरँडरचं पूर्ण आउटपुट, एलएसपीसीआय डॅश के मधल्या व्हीजीएच्या ओळी, प्रॉक मधली सीएमडीलाइन, मॉनिटरचा मॉडेल नंबर आणि मध्ये कुठला कन्व्हर्टर किंवा स्विच आहे का ते, एवढं द्या. जमलं तर एक्सऑर्गचा लॉग पण, तो व्हार फोल्डरमधल्या लॉगमध्ये असतो किंवा होमच्या डॉट लोकल, शेअर, एक्सऑर्ग मध्ये, त्यातल्या डबल ई लिहिलेल्या ओळी कापून दिल्या तरी चालतील. फोटो काढून टाकू नका, मजकूर चिकटवा, फोटोतली डॅश आणि अंडरस्कोअर वाचताना चुकतात आणि तेवढ्यावरून उत्तर चुकीचं मिळतं.